हक्काचे साहाय्य आणि आपला संकोच
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपल्यावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. बक्षिसे घेतलेली मुले आता अंगणात पळाली आहेत, ते बरेच झाले. कारण मला सांगावयाचे आहे ते वडील मंडळींसाठी आहे, आणि त्यात माझ्या एका चुकीची कबुली आहे.

माझा एक धाकटा चुलतभाऊ आहे. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय गेला. गावी शिवणकाम करून तो व त्याची पत्नी कसाबसा निर्वाह करीत. २०१४ साली तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "दादा, एवढा भरून द्या." मी उत्तरलो, "आपल्या घराण्यात निराधार कोणी नाही. मी असताना तू सरकारपुढे हात पसरणार? दरमहा पाचशे रुपये मी पाठवीत जाईन." त्याने अर्जाची घडी केली आणि खिशात घातली.

सात महिने मी पैसे पाठविले. पुढे मुलीचे लग्न निघाले, घराची डागडुजी निघाली, आणि तो क्रम खुंटला. त्याने एकदाही आठवण दिली नाही. देणार तरी कशी? भावाकडे मागणे हेही मागणेच! २०१९ साली त्याच्या पत्नीने मला न विचारता तहसील कचेरी गाठली आणि अर्ज मंजूर करून आणला. अनुदान त्यापूर्वी दरमहा ६०० रुपये होते. मी हिशेब मांडला. प्रतिष्ठेच्या नावाखाली पाच वर्षांत ३६,००० रुपये मी त्या घरात येऊ दिले नव्हते. गेल्या दिवाळीस आम्ही गेलो, तेव्हा त्याने माझ्या नातीच्या हातावर पन्नास रुपये ठेवले. 'असू दे' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते; ते मी गिळले.

बंधूंनो, एस. टी.मध्ये पासष्टीनंतर अर्धे तिकीट आहे आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांस प्रवास विनामूल्य आहे. ही सवलत घेताना आपल्यापैकी कोणास लाज वाटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तिचा पैसा सरकारी तिजोरीतूनच येतो. मग विधवा भावजयीच्या अर्जावर सही घ्यावयाची वेळ आली की आपल्याला घराणे का आठवते? 'निराधार' हा शब्द टोचतो, हे मी जाणतो. पण तो कागदावरचा शब्द आहे.

ही योजना १९८० साली सुरू झाली. अपंग, निराधार विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगाने पीडित अशांसाठी ती आहे. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना लागू होते. अनुदान २०२३ पासून १,५०० रुपये झाले, आणि दिव्यांगांस २०२५ च्या ऑक्टोबरपासून २,५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. आजच्या महागाईत २१,००० हा आकडा थट्टेचा वाटतो. तो वाढवावा असे निवेदन मंडळाने जरूर द्यावे. परंतु जे त्यात बसतात त्यांनी तोवर थांबू नये.

दिव्यांगत्व म्हणजे केवळ लंगडेपण वा आंधळेपण, अशी आपली समजूत आहे. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत कंपवात आहे, मानसिक आजार आहे, सिकलसेल आहे. ज्यांचे हात कापतात म्हणून आपण चहाची बशी धरतो, त्या काकांनाही तपासणीत चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास हा कायदा लागू होतो. प्रमाणपत्रासाठी आधी संगणकावरून नोंदणी, मग सरकारी रुग्णालयात तपासणी असा क्रम आहे. येथेच आपली माणसे अडतात. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नाही, हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही, एवढ्या कारणाने मिळणारे अनुदानही थांबते. वृद्धाने एकट्याने किती खेटे घालावेत?

ज्यांना मुले सांभाळीत नाहीत त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा विषय चारचौघांत कोणी काढीत नाही. २००७ च्या कायद्यान्वये आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, अट मोडल्यास, परत मिळविता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट स्पष्ट लिहून घ्यावी. मुलगा कितीही गुणी असो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही आहे.

मंडळाने दोन तरुण दर रविवारी द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे. एकाने संगणकावर बसावे, दुसऱ्याने सोमवारी वृद्धांबरोबर कचेरीत जावे. अर्ज लिहिण्याचे काम मी करीन; अक्षर अजून बरे आहे. येत्या रविवारी सकाळी नऊपासून मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. येताना शिधापत्रिका, आधारपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि दोन छायाचित्रे आणावीत. आणि ज्यांना दिवसा येण्याचा संकोच वाटतो, त्यांनी रात्री माझ्या घरी यावे.