स्वयंपाकघरातील भांडवल

जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर आजही एखादे जाड पितळी पातेले सापडते. त्याच्या काठाखाली बारीक टिंबांनी नाव कोरलेले असते. भांडे कोणी दिले, कोणत्या प्रसंगी दिले, आणि पुष्कळदा सालसुद्धा. देणारा गेलेला असतो, घेणाराही गेलेला असतो. परंतु एकदा कल्हई करून घेतली की ते पातेले पंगतीच्या आमटीला पुन्हा उभे राहते. त्याच घराच्या खालच्या फळीवर अलीकडे घेतलेली पातळ पत्र्याची चार पातेली असतात. एकाचा तळ फुगलेला, दुसऱ्याचा कान निघालेला, आणि तिसऱ्यात दूध तापविले की ते लागल्यावाचून राहत नाही. भांडे स्वस्त घ्यावे की चांगले घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर या दोन ठिकाणीच मांडून ठेवलेले आहे.

चांगला सुतार हलकी पटाशी घेत नाही, शिंपी बोथट कात्री ठेवीत नाही. कारण हत्यारातील उणीव अखेर हातालाच भरून काढावी लागते. स्वयंपाकाची भांडी हीही हत्यारेच होत. परंतु विकत घेताना त्यांचा विचार तसा होत नाही. दिवाणखान्यातील खुर्च्यांसाठी हात सैल सोडणारे घर कढईच्या वेळी मात्र थोड्या रुपयांसाठी घासाघीस करते. कारण उघड आहे. पैसे मोजणारा हात आणि दोन्ही वेळा त्या कढईशी झुंजणारा हात पुष्कळ घरांत एकच नसतो. पातळ भांड्यावर वाचलेला पैसा खऱ्या अर्थाने वाचत नाही. तो कोणाच्या तरी खरवडण्यातून आणि सतत ढवळीत उभे राहण्यातून वसूल होत असतो.

नुसता रोकडीचा हिशेब केला, तरी तो काही निराळे सांगत नाही. समजा, तीनशे रुपयांचे पातेले दर दोन वर्षांनी बदलावे लागले, तर वीस वर्षांत तीन हजार रुपये जातात. पंधराशे रुपयांचे एकच पातेले तेवढी वर्षे टिकले, तर निम्मा पैसा हाती राहतो, आणि करपलेल्या दुधाचा व वाया गेलेल्या जळणाचा हिशेब तर वेगळाच.

दूध का लागते, हेही समजून घेण्यासारखे आहे. उष्णता वाहून नेण्यात तांबे फार पुढे. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोखंड त्याहून बरेच मागे. आणि स्टेनलेस स्टील तांब्याच्या सुमारे पंचविसावा भाग इतकेच. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात जेथे ज्वाला लागते तेथेच तळ तापतो, बाजूस उष्णता पसरत नाही, आणि तेवढ्याच वर्तुळात अन्न करपते. स्टील गंजत नाही आणि आंबटाला दाद देत नाही, हा त्याचा गुण खराच. तो गुण राखून दोष घालवावयाचा, तर दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले तिहेरी भांडे घ्यावे. दुकानात भांडे हाती धरून त्याचे वजन पाहावे. सपाट फळीवर ठेवून ते डगमगते का, हे पाहावे. कान नीट बसविलेले आहेत ना, याची खात्री करावी. चकाकी सर्वांत शेवटी पाहावी. मोडीतून ओतलेल्या हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरत असल्याचे परीक्षणांत आढळले आहे; तेथे काटकसरीची किंमत मुलांच्या प्रकृतीने चुकती होते.

तांब्यापितळेची भांडी उत्तम. मात्र त्यांना कल्हई हवी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी कळकते, आणि असे कळकलेले अन्न पोटास बाधते. आतून पिवळा वा तांबूस रंग डोकावू लागला, की कल्हईवाल्यास गाठावे. कल्हईचे कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते; म्हणून असे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. जे भांडे राखण्याची घराची तयारी नाही, ते कितीही उंची असले तरी त्या घरासाठी चांगले नव्हे.

लोखंडी तव्याची गोष्ट याच्या उलट आहे. तो स्वस्त असतो, आणि वापराने सुधारतो. तेलाचा पातळ हात देऊन तो तापविला, की त्यावर एक काळा, गुळगुळीत थर धरतो. पुढे बिडाच्या तव्यावरून घावन अलगद सुटू लागते. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा आरंभी सोयीचा वाटतो. परंतु सुमारे 260 अंशांच्या पुढे तो लेप बिघडू लागतो, आणि ओरखडे पडल्यावर तवा निरुपयोगी होतो. चांगले म्हणजे महाग असेच नव्हे, हे लोखंडी तव्याकडून शिकावे.

प्रेशर कुकरची कल्पना जुनी आहे. देनी पापँ याने 1679 साली वाफेच्या दाबावर शिजविणारे पात्र तयार केले. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळते, आणि उंची तीनशे मीटरने वाढली की सुमारे एका अंशाने कमी तापमानावर. म्हणून पणजीपेक्षा बेळगावात तुरीची डाळ उघड्या पातेल्यात अधिक वेळ घेते. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जाते, आणि वेळ व जळण दोन्ही वाचतात. परंतु जेथे दाब आहे, तेथे धोकाही आहे. भारतात 2021 पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते नसलेला कुकर फुकट मिळाला तरी घेऊ नये. रबरी कडे आणि सुरक्षा झडप वेळेवर, आणि त्याच बनावटीची बदलावी. चार पैशांच्या बनावट झडपेवर घरातील माणसाचा जीव टांगू नये.

हे सर्व एकदम घ्यावयाचे कसे, हा प्रश्न मध्यमवर्गीय घराला पडतो, आणि तो रास्त आहे. एकदम घेऊच नये. ज्या भांड्याचे काम रोज पडते, ते प्रथम घ्यावे: जाड बुडाचे एक पातेले, एक लोखंडी तवा, एक कढई, खात्रीचा कुकर, आणि धार टिकविणारी एक विळी. इंदूर-ग्वाल्हेरकडे धनत्रयोदशीला नवे भांडे घरी आणण्याची रीत आहे. त्या दिवशी शकुनापुरत्या तीन पातळ वाट्या आणण्यापेक्षा वर्षाला एकच, परंतु टिकाऊ भांडे आणावे, आणि ते जिला वापरावयाचे तिनेच निवडावे. पाच वर्षांत स्वयंपाकघर पुरे होईल. मग त्या भांड्यावर नाव घालण्यासही हरकत नाही. ते वाचणारी पुढची पिढी येईपर्यंत भांडे टिकलेले असेल.