पाकशाळा आणि भटारखाना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमच्यावरच सोपविला. आमची बहुतेक हयात हॉटेलच्या भटारखान्यात गेली. तेव्हा अन्य विषयावर बोलणे म्हणजे उसने आणून वाढणे होय. यंदा शिक्षण-साहाय्य निधीकडे आलेल्या अर्जांपैकी तीन अर्ज पाकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहेत. त्यांत एक मुलगी आहे. तिघेही शिकता शिकता हॉटेलात काम करतात. समितीच्या बैठकीत एका सभासदांनी विचारले, "मुले पगार मिळवितात, तर त्यांना साहाय्य कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर देण्याचा आज आमचा मानस आहे.

पाककर्म ही शिकावयाची विद्या आहे काय, अशी शंका आमच्या वडीलधाऱ्यांस येत असे. तिचे उत्तर मुंबईने केव्हाच दिले आहे. श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईत या विद्येची संस्था निघाली. ती आज दादरला आहे. पुढे १९८२ साली अशा संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि ज्यांना केवळ पाककौशल्य शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी दीड वर्षाचाही आहे.

परंतु ही विद्या केवळ वर्गात बसून येत नाही. ज्यांनी हॉटेलच्या स्वयंपाकाची आजची शिस्त बसविली, ते फ्रान्सचे ऑग्यूस्त एस्कॉफिए वयाच्या तेराव्या वर्षी नीस शहरी आपल्या चुलत्यांच्या खानावळीत उमेदवारीस लागले. त्यांचा मोठा ग्रंथ १९०३ साली निघाला, तो त्यानंतर चाळीसाहून अधिक वर्षांनी. आधी हात तयार झाला, मग ग्रंथ.

विद्यालय आणि भटारखाना एकमेकांस कसे पुरे पडतात, हे दोन उदाहरणांनी सांगतो. हाडांचा अर्क काढताना हाडे थंड पाण्यातच घालावयाची आणि पाण्यास खळखळ उकळी फुटू द्यावयाची नाही, हे भटारखान्यात कोणीही सांगेल. पण का, असे विचारले तर धपाटा मिळेल. उकळीने चरबी पाण्यात मिसळते आणि अर्क गढूळ होतो, हे कारण विद्यालय सांगते. उलट, विद्यालयाच्या प्रात्यक्षिकात चार माणसांपुरता स्वयंपाक होतो. तेथे दहा किलो कांदा गिऱ्हाइके येण्याच्या आत एकसारखा चिरण्याची सवय लागत नाही. ती नोकरीतच लागते.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान अन्नात रोगजंतू झपाट्याने वाढतात. म्हणून उरलेले वरण मोठ्या पातेल्यात झाकून ठेवावयाचे नसते. ते उथळ परातींत पसरून लवकर निववावयाचे आणि थंड कपाटात ठेवावयाचे असते. रात्री बारा वाजता दमलेली माणसे हे विसरतात. त्या वेळी कारण ठाऊक असलेले एक पोर तेथे हजर असेल, तर उद्याच्या शंभर गिऱ्हाइकांची प्रकृती सुरक्षित राहते.

तेव्हा दोन्ही हवे. अडचण आहे ती दोहोंचा मेळ घालण्याची. आम्ही स्वतः त्यात पडलो आहोत, म्हणून बोलतो. दुसऱ्या वर्षी आम्ही एका हॉटेलात नोकरी धरली. आठवड्याचे सहा दिवस, सायंकाळी पाच ते रात्री एक. काम भाज्या सोलण्या-चिरण्याचे आणि गरज पडेल तेव्हा भांडी घासण्याचे. सकाळी आठला वर्ग. काही आठवड्यांतच वर्गात डुलक्या येऊ लागल्या. एके रात्री आम्ही तापलेली कढई ओल्या फडक्याने उचलली आणि त्या फडक्यातल्या वाफेने तळहात भाजला. भांडे नेहमी कोरड्या फडक्याने धरावे, हा पहिल्याच आठवड्यात शिकविलेला धडा. उत्तरपत्रिकेत आम्ही तो बिनचूक लिहिला होता! हात बरा होईतो नोकरी गेली, प्रात्यक्षिक परीक्षा हुकली आणि वर्ष फुकट गेले.

आमचे वडील कारकून होते. ते रागावले नाहीत. कागद घेऊन त्यांनी हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. झोप रोज सात, म्हणजे ४९. वर्ग ३६. जाणे-येणे १२. स्नान, भोजन इत्यादी १४. एकूण १११, शिल्लक ५७. अभ्यासास १५ दिले तर ४२ राहतात. यात ४८ तासांची नोकरी बसविली की सहा तासांची तूट येते. ती तूट झोपेतून किंवा अभ्यासातून भरली जाते. वीस तासांची नोकरी धरली, तर २२ तास विसाव्यास आणि घरास उरतात. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

विद्यार्थिमित्रहो, त्यावरून बोध एवढाच घ्या. नोकरी आठवड्यातून तीन दिवसांची, वीस तासांच्या आतली धरा. पहिल्याच दिवशी मुख्य आचाऱ्यांपुढे वर्गाचे आणि परीक्षेचे वेळापत्रक ठेवा; चांगला आचारी त्यावर रागावत नाही, आयत्या वेळी मारलेल्या दांडीवर रागावतो. दोन-तीन महिन्यांनी कामाचा विभाग बदलून मागा, नाही तर वर्षभर कांदाच चिराल. खिशात लहान वही ठेवा. रात्री पाहिलेले नोंदवा आणि सकाळी शिक्षकांस त्याचे कारण विचारा.

आणि पगाराचा मोह ओळखा. आमच्या वर्गातील एका सोबत्याने दुसऱ्या वर्षी कायमच्या नोकरीसाठी शिक्षण सोडले. त्याचा हात आमच्याहून चांगला होता. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा प्रमाणपत्र मागण्यात आले; ते त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या हाताखाली शिकलेली मुले त्याच्यावर साहेब झाली. ही गोष्ट त्याने आम्हांस स्वतः सांगितली, तेव्हा आम्हांस उत्तर सुचले नाही.

समितीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. वीस तासांच्या पगारात गाडीभाडे, सुऱ्या, बूट आणि गणवेश जेमतेम भागतो. शुल्क भागत नाही. ते भागविण्यासाठी मूल अठ्ठेचाळीस तासांकडे वळते आणि तेथेच घसरते. मंडळाने शुल्कापुरती रक्कम बिनव्याजी द्यावी आणि नोकरी लागल्यावर हप्त्याने परत घ्यावी. उडुपी हॉटेलांतून दिवसभर राबून रात्रशाळांत शिकलेली मुले मुंबईने पाहिली आहेत. त्यांच्यामागे त्यांचे समाज उभे होते. आपणही उभे राहू या.

पालकांस एकच विनंती. लग्नसराईत घरचा आचारी म्हणून या मुलांस राबवू नका. हॉटेलातही तोच हंगाम असतो! आणि मुलगी रात्री कामावरून येते म्हणून नाक मुरडण्यापेक्षा, तिला स्थानकावरून घरी आणावयास कोणी जाईल, याची सोय पाहा.

 ते तीन अर्ज समितीपुढे अद्याप विचारार्थ आहेत, एवढे स्मरण देऊन आम्ही आमचे भाषण पुरे करतो.