दाराच्या आतली कमलाबाई

पेडणेकर मंडळी, आणि डिचोलीहून मुद्दाम आलेल्या मैत्रिणींनो,

पेडण्याच्या भाऊ दाजी लाडांचं नाव १९७५ साली भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला दिलं गेलं, हे आपण अभिमानाने सांगतो. जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनींचं नाव मात्र २०२३च्या १८ जूनला, जन्मदिनी, गूगलने त्यांचं चित्र लावलं तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकलं. लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हटलं की ओळख पटते.

त्यांची एकच गोष्ट सगळीकडे सांगतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर तात्पुरत्या म्हणून, अटी घालून घेतलं. तो अपमान उतारवयातही त्या विसरल्या नव्हत्या. गोष्ट खरी आहे, सांगायलाच हवी. पण ती दारातली गोष्ट झाली. आत गेल्यावर बाईंनी काय केलं?

दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशीच्या श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, हे दाखवलं. १९३९ला पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा ४० पानांचा.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून, त्यांनी नीरा हाती घेतली. तुम्हाला नीरा काय समजवायची! रेंदेर माडावर चढतो, पोयीचं टोक पातळ कापतो, मडक्यात रस थेंबथेंब साचतो. उन्हं चढली की फेस येतो, आंबूस वास सुटतो. यीस्टने साखरेचं मद्य करायला घेतलेलं असतं. मडक्याला आतून चुना लावला की ते थोपतं. कमलाबाईंनी या रसातली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं, आटवून गूळ केला तरी ते टिकतं हे पाहिलं. मग कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना नीरा दिली आणि तब्येती सुधारल्या. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पातोळ्यांत आपण घालतो तो माडाचा काळा गूळ याच घराण्यातला. केंब्रिजहून आलेली बाई गरिबाच्या मडक्यात डोकावते, हे मला त्या प्रवेशाच्या गोष्टीहून मोठं वाटतं.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि २८ जूनला गेल्या.

तेव्हा शिक्षकहो, येत्या १८ जूनला शाळेत नुसती तसबीर आणि हार नको. पावसाने उसंत दिली तर रेंदेराला बोलवा. एक मडकं चुन्याचं, एक बिनचुन्याचं, वर्गात ठेवा. मुलांना दर तासाला दोन्हींचा वास घेऊ द्या, लिटमसचा निळा कागद बुडवू द्या, आणि तो कोणत्या मडक्यात किती वाजता तांबडा झाला ते वहीत लिहून घ्या.