गाडी दोघांची, किल्लीही दोघांची



मी हिंजवडीची. आमच्याकडे चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाची यात्रा भरते. बगाड हिंजवडीहून वाकडला जातं. सगळी भावकी जमते. म्हणून हे रिटायर झाल्यावर आम्ही ठरवलं, रंगपंचमी झाली की गाडी घेऊन विदर्भात जायचं आणि यात्रेच्या आत घरी परतायचं. आज त्या प्रवासाचं सांगते.

परदेशात रिटायर झालेली जोडपी गाडीमागं चाकांचं घर जोडून महिना महिना फिरतात. आपल्याकडेही राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण कॅराव्हॅनचं भाडं आमच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं. आमची जुनी सात सीटची गाडी होती. सीट कायमच्या काढायच्या तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून मागच्या सीट नुसत्या पाडल्या. सुताराकडून घडीच्या फळ्या करून घेतल्या, वर गादी टाकली, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली. झालं घर! स्वयंपाक मात्र कायम गाडीबाहेर. बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही आणि झोपताना खिडकी थोडी उघडी ठेवायची, हे दोन नियम आम्ही मोडले नाहीत.

मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात तो बाथरूमचा. रात्रीच्या मुक्कामाला मी तीन गोष्टी बघायचे: पाणी आहे का, स्वच्छ संडास आहे का आणि आसपास बायामाणसांचा वावर आहे का. देवस्थानाचं भक्तनिवास, मोठा पेट्रोल पंप, एखाद्या लॉजचं आवार, कुठंही आधी विचारायचं, पैसे द्यायचे. सूर्य मावळायच्या आत गाडी थांबलेली असायची.

यांना मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना घेऊन एवढ्या लांब जाऊ नका." डॉक्टरांनी मात्र परवानगी दिली. उन्हात इन्सुलिन खराब होतं, पण बर्फाला टेकवूनही चालत नाही. मी एका मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली आणि त्यात बाटली ठेवली.

दुसरी तयारी माझी. माझ्याकडे लायसन होतं, पण ते पंचवीस वर्षं कपाटात. मी गाडी शिकवणीला जाऊन पुन्हा हात बसवून घेतला. रविवारी सकाळी आयटी पार्कचे रस्ते मोकळे असतात, तिथं सराव केला. तरी माझ्या हाती गाडी द्यायचं यांच्या जिवावर यायचं. "असू दे गं, मी आहे ना!" एवढंच उत्तर.

निघालो. पहिला मुक्काम नेवासा. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो पैस खांब बघितला. मग वेरूळ, पुढं जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा. रस्त्याकडेला पळस असा पेटलेला, की मी दर दहा मिनिटांनी "थांबवा हो" म्हणायचे.

पाचव्या दिवशी लोणार. उल्कापातानं झालेलं ते विवर जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. सकाळी आम्ही खाली उतरलो, काठाकाठानं हिंडलो आणि चढून वर आलो. यांनी नेहमीएवढं इन्सुलिन घेतलं होतं, पण नाश्त्याला नुसता चहा आणि दोन बिस्किटं. मेहकरला जेवू, असं म्हणून निघालो. चूक दोघांचीही.

थोडं अंतर गेल्यावर हे उगाच चिडायला लागले. मी रस्ता विचारला तर भलतंच उत्तर. बघते तर कपाळ घामानं थबथबलेलं, हात थरथरतायत. मी म्हटलं, "गाडी बाजूला घ्या." ऐकेनात. शेवटी मी ओरडले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, यांच्यावर अशी कधी ओरडले नव्हते. गाडी थांबली. साखर मोजली, ५८.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८४. मग पोळी खायला दिली. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा: माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तरच तोंडानं साखर द्यायची. नाहीतर तोंडात काही न घालता लगेच १०८ ला फोन.

मग यांनी काही न बोलता किल्ली माझ्यापुढं धरली. मेहकरपर्यंत मी चालवली. मागून ट्रक भोंगे वाजवत होते, माझी पाठ ओली झाली होती, पण चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मेहकरला डॉक्टरांना दाखवलं, एक दिवस विश्रांती घेतली. परत फिरायचं का, हे मी विचारलं. हे म्हणाले, "पुढं जाऊ. अर्धा रस्ता तू चालव."

चिखलदऱ्याला पाडवा केला. गाडीच्या मागच्या दाराशी गुढी उभारली. पहाटे मेळघाटातल्या कोरकू बाया टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या, सगळीकडे गोडसर वास. घाट चढताना हे चालवत होते, उतरताना मी.

यात्रेच्या तीन दिवस आधी घरी आलो. मुलाला सगळं सांगितलं. तो रागावला, मग गप्प झाला. आणि बगाडाच्या दिवशी भावकीत हेच सांगत होते, "निम्मी गाडी हिनं चालवली." लोणारचं सांगितलं नाही. म्हटलं, असू दे, ते मी रेडिओवर सांगते.

तुमच्याही कपाटात लायसन असेल तर बाहेर काढा, मुदत संपली असेल तर नवीन करून घ्या. घरातल्या माणसाचं औषध कोणतं, किती, केव्हा, हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. आणि साखरेची पुडी? ती गाडीत, हाताशी.