समुद्रातले औषध आणि कामगाराचा खिसा



समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या शहरात आम्ही स्पंजावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण येथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या दारी मराठवाड्यातले शेतमजूर आणि कामगार येतात. रक्ताच्या कर्करोगावरील एका जुन्या औषधाचे मूळ समुद्रतळाशी आहे, म्हणून हा विषय त्यांचाही आहे.

स्पंज ही वनस्पती नव्हे, प्राणी आहे. त्याला पाय नाहीत, दात नाहीत. एका जागी बसून तो पाणी गाळतो आणि पोट भरतो. पळता येत नाही, म्हणून अनेक स्पंज विषारी द्रव्यांनी आपले रक्षण करतात. दुबळ्याचे हेच हत्यार विज्ञानाने उचलले.

1950 च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या समुद्रातील स्पंजात निराळीच साखर असलेली द्रव्ये सापडली. त्या नमुन्यावरून 1959 मध्ये प्रयोगशाळेत सायटाराबीन तयार झाले. 1969 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वाढणारी पेशी हा सुटा भाग खरा समजून आपल्या जोडणीत बसवते आणि तिथेच तिचे काम अडते.

दुसरी हकीकत जपानची. 1986 च्या सुमारास तेथील संशोधकांनी 600 किलो स्पंजातून द्रव्य काढले. हाती आले अवघे 12.5 मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन! समुद्र खरवडून रोग्यांची गरज भागणार नव्हती. 1992 मध्ये हार्वर्डच्या योशितो किशी यांनी ते द्रव्य प्रयोगशाळेत घडवले. पुढे त्याच्या अर्ध्या भागावरून एरिब्युलिन झाले. स्तनाच्या बळावलेल्या कर्करोगासाठी ते अमेरिकेत 2010 मध्ये मान्य झाले.

म्हणजे समुद्राने नकाशा दिला, औषध घडवले माणसांच्या हातांनी. असेच हात आपल्या वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कारखान्यांत राबतात. 1970 च्या कायद्याने पेटंट औषधावर नव्हे, ते करण्याच्या कृतीवर दिले. म्हणून निराळ्या कृतीने स्वस्त औषधे करता आली. 2005 पासून औषधावरच पेटंट मिळू लागले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाचे पेटंट नाकारले, तेव्हा कायद्यातली एक खिडकी अजून उघडी असल्याचे दिसले.

शोध लागणे वेगळे आणि औषध रोग्याच्या हाती पडणे वेगळे. सायटाराबीन सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पण यादीतले नाव शिरेत टोचता येत नाही! ते कपाटात रोज असले पाहिजे. पगारवाढीच्या मागणीशेजारी कर्करोगाची वेळेवर तपासणी, उपचारासाठी भरपगारी रजा आणि रुग्णालयात औषधाचा अखंड साठा या तीन मागण्या प्रत्येक संघटनेने लिहाव्यात, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.