आजोळचा वारसा



परिषदेच्या अध्यक्षांनी सगळ्या शास्त्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र आज एकच विषय धरणार आहे: पेशीच्या केंद्रकाबाहेर राहणारी जनुकं. आपल्या बियाण्यांच्या धंद्याचा मोठा भाग या जनुकांवर उभा आहे. तरीही आपण वाणाची नोंद करताना केंद्रकातल्या गुणांचं वर्णन पानभर लिहितो आणि पेशीद्रव्य कुठून आलं हे एका ओळीत उरकतो, कधी तेवढंही लिहीत नाही. ही सवय बदलायला हवी, एवढंच मला सांगायचं आहे.

गुलबक्षी आपल्या सगळ्यांच्या अंगणात असते. 1909 साली कार्ल कॉरेन्स यांनी याच झाडाच्या ठिपक्याठिपक्यांच्या पानांच्या एका वाणावर प्रयोग केले. त्या वाणाच्या एकाच झाडावर काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या आणि काही चितकबऱ्या असतात. हिरव्या फांदीवरच्या फुलाला कुठलाही पराग द्या, रोपं हिरवी येतात. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचं बी रुजतं, पण रोप पांढरं निघतं आणि हरितद्रव्य नसल्यानं मरतं. चितकबऱ्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपं मिळतात. पराग कुणाचा, याला इथे काही किंमतच नाही. बी ज्या फांदीवर धरलं, तिच्यावर सगळं ठरतं. मेंडेलचे नियम 1900 साली ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांतले कॉरेन्स एक होते. ज्यांनी ते नियम जगापुढे ठेवले, त्यांनीच नऊ वर्षांत त्यांची हद्दही दाखवून दिली. शास्त्रज्ञाचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

1909 सालीच एर्विन बाउर यांना पेलार्गोनियम या झाडात हा वारसा आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही येताना दिसला. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांत तर हरितलवकं परागातून येतात. म्हणून 'केंद्रकाबाहेरचं ते सगळं आईचं' हे वाक्य विद्यार्थ्यांना घोकायला लावू नये. बहुतेक पिकांत आणि माणसात ते खरं आहे, पण प्रत्येक जातीत ते तपासूनच म्हणायचं असतं.

कॉरेन्स यांना दिसलं ते नेमकं काय होतं, हे कळायला पन्नासहून अधिक वर्षं जावी लागली. 1962 मध्ये हरितलवकात आणि 1963 मध्ये तंतुकणिकेत डीएनए असल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. 1981 मध्ये केंब्रिजमध्ये माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए अक्षर न् अक्षर वाचला गेला: एक बंद वर्तुळ, 16,569 जोड्या, जेमतेम 37 जनुकं. त्यांतली 13 प्रथिनांची, बाकीची ती प्रथिनं घडवणाऱ्या आरएनएची. तंतुकणिकेला लागणारी प्रथिनं मात्र हजाराहून अधिक आहेत. ती केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रव्यात तयार होतात आणि आत पाठवली जातात. तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली नेटानं मांडला आणि आज तो सर्वमान्य आहे. त्या जिवाणूची बहुतेक जनुकं काळाच्या ओघात केंद्रकात गेली किंवा गळून पडली. उरलेल्या थोड्यांना केंद्रकाशी जुळवून घेतल्याशिवाय एक दिवसही चालता येत नाही. श्वसनाच्या साखळीतलं शेवटचं विकर घ्या: त्याचे तीन मोठे भाग तंतुकणिकेच्या जनुकांवरून बनतात, उरलेले केंद्रकाच्या. दोन्हीकडचे भाग एकमेकांत नीट बसले नाहीत तर पेशीला ऊर्जा मिळत नाही.

हे न जुळणं आपण शेतात, संकरित बियाण्यासाठी मादी झाडाचा पराग बंद करायला वापरतो. ज्वारीच्या कणसात हजार-दोन हजार फुलं, आणि प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर शेजारीशेजारी. मक्याचे तुरे हातानं खुडता येतात. ज्वारीच्या फुलातले परागकोश एकरभर खुडणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. स्टीफन्स आणि हॉलंड यांनी 1954 साली टेक्सासमध्ये दाखवलं, की मिलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचं केंद्रक आणून बसवलं की पराग तयार होत नाही. त्या जोरावर आपल्याकडे 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली, आणि खेडोपाडी 'हायब्रीड' म्हटलं की लोकांना ज्वारीच आठवू लागली.

बीजोत्पादनाच्या शेतात सकाळी उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांना दिसतं. मादी वाण निसवला आहे, फुलोरा शेंड्याकडून खाली उतरतो आहे. परागकोश बाहेर लोंबतात, पण ते बारीक, पांढुरके, कागदासारखे. कणसावर टिचकी मारावी तर तळहातावर काही पडत नाही. मध्येच एखाद्या कणसावर टिचकी मारली की पिवळी धूळ उडते. भेसळ काढणारी बाई ते ताट तिथल्या तिथे उपटते, कारण तो मादी वाणाचा, म्हणजे ए-वाणाचा, जोडीदार बी-वाण असतो. दोघांचं केंद्रक एकसारखं, फरक फक्त पेशीद्रव्याचा. ए-वाणाला बी-वाणाचा पराग दिला की पुन्हा ए-वाणच मिळतो, कारण तंतुकणिका आईकडून आल्या. आणि नर वाणाचा पराग दिला की संकरित बियाणं मिळतं, ज्यात नराच्या केंद्रकातलं जनुक पराग पुन्हा चालू करतं. असं जनुक नसतं तर शेतकऱ्याच्या रानात कणीस आलं असतं, दाणा भरला नसता.

परागच का बिघडतो, बाकी झाड धडधाकट का राहतं? परागकोशाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना पराग पोसताना ऊर्जेची प्रचंड गरज असते. मक्यात त्या पेशींमधल्या तंतुकणिका त्या काळात वीस ते चाळीस पट वाढतात. पानात चालून जाणारा दोष तिथे चालत नाही.

आता याची दुसरी बाजू. मक्यातल्या 'टेक्सास' नावाच्या पेशीद्रव्यात तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे वेडेवाकडे जोडले जाऊन एक नवंच जनुक तयार झालं होतं. त्याचं प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसतं आणि नरवंध्यता आणतं. तेच प्रथिन करपा रोगाच्या बुरशीच्या एका विषालाही दार उघडून देतं. 1970 पर्यंत अमेरिकेतल्या बहुतांश मक्यात हे एकच पेशीद्रव्य होतं. केंद्रकं वेगवेगळी, कंपन्या वेगवेगळ्या, पिशव्यांवरची नावं वेगवेगळी, पण तंतुकणिका एकच. त्या एका वर्षात देशाच्या मका उत्पादनापैकी सुमारे 15 टक्के गेलं. मला अस्वस्थ करतं ते हे, की या पेशीद्रव्याचा मका करप्याला बळी पडतो अशी नोंद फिलिपाइन्समधून 1961 सालीच आली होती.

आपल्याकडे 1965 मध्ये एचबी-1 ही संकरित बाजरी आली, टिफ्ट 23ए या एकाच मादी वाणावर, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगानं बाजरी खाल्ली. मक्याचा अनुभव ताजा होता, म्हणून पेशीद्रव्याकडेच बोट गेलं. पुढे ए आणि बी वाण शेजारी लावून रोग मोजला गेला. केंद्रक एकच, पेशीद्रव्यं वेगळी. रोग दोघांवर सारखाच. म्हणजे दोष केंद्रकाचा होता. अंदाजानं ठपका ठेवण्यापेक्षा हा साधा प्रयोग किती बोलका आहे ते पाहा. दोन्ही वेळा पिकाला भोवली ती एकसारखेपणाची सवय, मग ते पेशीद्रव्य असो की केंद्रक.

ठपक्याचा विषय निघाला आहे, तर शेताबाहेरचीही एक गोष्ट बोलते. तंतुकणिकेतल्या दोषामुळे माणसात काही आजार येतात. तरुणपणी अचानक दृष्टी जाणारा लेबरचा आजार त्यांतला एक. त्याचं कारण 1988 साली तंतुकणिकेच्या डीएनएत सापडलं. दुसऱ्या एका बदलामुळे स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या औषधांनी कायमचं बहिरेपण येतं. हा वारसा आईकडून येतो हे कळलं की आपल्या घरांत काय होईल, हे मला वेगळं सांगायला नको. सगळं बाईच्या माथी मारायची सवय आपल्याला आहेच. म्हणून हे पूर्ण सांगितलं पाहिजे. आईच्या पेशीत चांगल्या आणि सदोष तंतुकणिका बऱ्याचदा मिसळलेल्या असतात, आणि बीजांड घडताना त्यांतल्या मोजक्याच पुढे जातात. त्यामुळे एकाच आईची दोन मुलं वेगवेगळी निघू शकतात. तिनं यात काही निवडलेलं नसतं. शिवाय तंतुकणिकेचे अनेक आजार केंद्रकातल्या जनुकांमुळेही येतात, आणि ती आई-बाप दोघांकडून येतात. या ज्ञानाचा उपयोग दोष देण्यासाठी नाही, प्रश्न विचारण्यासाठी आहे. इंजेक्शन देण्याआधी आजोळी चौकशी करावी: मामाला, मावशीला, आजीला असल्या औषधानंतर ऐकू येणं बंद झालं होतं का? एवढ्या एका प्रश्नानं एखाद्या मुलाचे कान वाचतील.

पुन्हा ज्वारीकडे येते. मिलो पेशीद्रव्यामुळे आपल्यावर मक्यासारखं संकट आलेलं नाही, पण तेवढ्या भरवशावर बसून राहणं बरं नाही. रब्बीत अडचण आधीपासून आहे: फुलोऱ्याच्या वेळी रात्री थंड पडल्या की संकरित ज्वारीत पराग पुरता परत येत नाही आणि कणीस विरळ भरतं. केंद्रक आणि पेशीद्रव्याचा मेळ तापमानावरही अवलंबून असतो, हे रब्बीचा शेतकरी आपल्याला दरवर्षी दाखवतो. दुसरीकडे आपल्याच मालदांडी या रब्बी ज्वारीच्या पेशीद्रव्यातून वेगळ्या प्रकारची नरवंध्यता मिळालेली आहे. मालदांडीतूनच मोहोळला निवडलेली एम 35-1 सोलापूरच्या काळ्या रानात किती पिढ्या भाकरी देते आहे. तिचं पेशीद्रव्य संकरासाठी हाताशी असूनही वापरात आलं नाही, कारण त्याला साजेसा, पराग परत आणणारा नर वाण सहज सापडत नाही.

परिषदेनं दोन गोष्टी ठरवाव्यात अशी माझी विनंती आहे. नव्या संकरित वाणाच्या माहितीपत्रकात पेशीद्रव्याचा उगम ठळकपणे छापला जावा, आणि पदव्युत्तर प्रबंधात जिथे संकर असेल तिथे मादी-नर उलटवून केलेला संकरही असावा.

तिसरं काम ठरावाचं नाही, हातांचं आहे. मंगळवेढा, मोहोळ, जामखेड या पट्ट्यात रब्बी ज्वारीचे जुने गावठी वाण अजून कुणाकुणाच्या कणगीत आहेत. प्रत्येक संशोधन केंद्रानं त्यातले काही गोळा करून मालदांडीच्या ए-वाणावर त्यांचा पराग टाकावा. पुढच्या रब्बीत ते संकरित बियाणं, रोपं थंडीत फुलोऱ्यावर येतील अशा बेतानं, पेरावं आणि निसवताच कणसांना कागदी पिशव्या घालाव्यात. पिशवीच्या आत ज्या कणसात दाणा भरेल, त्याचा नर वाण आपल्याला हवा आहे. ए-वाणाचं बियाणं ज्या केंद्रांकडे आहे त्यांनी ते मागणाऱ्याला द्यावं. पेरणी जवळ आली आहे, तेव्हा ही वाटणी आज दुपारच्या सत्रातच होऊन जावी.