गच्चीवरून दिसणारा डोंगर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी सतरंज्या घालणे आणि चहा या खात्यात असते. यंदा चिटणीसबाईंनी मला इकडे उभे केले. "तुम्ही डोंगराचे, खाडीचे फोटो काढता, त्यावर चार शब्द सांगा," असे त्या म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते म्हणून पुढे शाळा झाली नाही. तेव्हा बोलण्यात काही चुकले-माकले तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या.

फोटो म्हटला म्हणजे आपल्यापुढे बारसे, मुंज, लग्न आणि सहल येते. सहलीच्या फोटोतसुद्धा आपण ओळीने उभ्या राहतो आणि मागचा धबधबा आपल्याच पदरांनी झाकून टाकतो! माझ्या फोटोंत बहुधा माणूस नसतो. शेजारणी विचारतात, "अहो, यात तुम्ही कुठे आहात?" मी सांगते, "मी अलीकडे उभी आहे."

हा नाद मला त्रेचाळिसाव्या वर्षी लागला. त्याला कारण आमच्या सासूबाई.

सासूबाईंचे माहेर मलंगगडाच्या पायथ्याचे. माघी पौर्णिमेला गडावर यात्रा भरते, तिला त्या लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून चालत गेलेल्या. लग्न होऊन त्या डोंबिवलीस आल्या. पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मलंगगड स्वच्छ दिसे. रोज दिवेलागणीच्या आधी त्या गच्चीवर जात आणि डोंगराकडे पाहून खाली येत. माथ्यावर ढग कसा बसला आहे ते पाहून उद्या वाळवण घालावे की नाही, हे त्या सांगत, आणि पुष्कळदा ते खरे ठरे.

एका श्रावणात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पुन्हा जिना चढणे जमले नाही. इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि गच्ची चौथ्याच्या वर. पलंगावर पडल्या पडल्या त्या मला विचारीत, "अगं, आज डोंगर दिसला का?" मी स्वयंपाकघरातूनच "हो, दिसला" म्हणून सांगे. खरे म्हणजे मी गच्चीवर गेलेलीच नसे. एक दिवस त्या म्हणाल्या, "दिसला, तर माथ्यावर ढग होता का?" मला उत्तर देता येईना. खोटे पकडले गेले. मला फार वाईट वाटले.

त्याच सुमारास मुलाने नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले, डोंगराचा फोटो काढला आणि खाली येऊन सासूबाईंना दाखविला. कोपऱ्यात माझे बोट आले होते आणि डोंगर एवढासा. त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाल्या, "हा डोंगर आहे की मुगाची डाळ?"

तेथून माझी शाळा पुन्हा सुरू झाली. त्या शाळेत जे शिकले ते थोडक्यात सांगते, म्हणजे कोणाला उद्यापासून करून पाहावेसे वाटले तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, काच पुसणे. आपले हात फोडणीचे आणि कणकेचे. त्याच हातांनी आपण मोबाईल उचलतो आणि मागच्या काचेवर तेलाचा थर बसतो. फोटो धुकट आला की आपण मोबाईलला नावे ठेवतो! धुतलेल्या मऊ सुती कापडाने काच हलके पुसावी.

दुसरी गोष्ट, ऊन. दुपारी बाराला उन्हात सगळे सपाट दिसते. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास चांगला. तेव्हा ऊन तिरपे असते, सावल्या लांब पडतात आणि डोंगराची एकेक घडी निराळी दिसते. आमच्याकडून मलंगगड आग्नेयेला. सकाळी तो नुसता काळा दिसतो आणि संध्याकाळी पश्चिमेचे ऊन त्याच्या अंगावर येते. म्हणजे सासूबाईंची वेळ बरोबर होती! उन्हाळ्यात हवा धुरकट असते. पावसाची मोठी सर येऊन गेली की हवा धुतल्यासारखी होते, तेव्हा हातातले काम टाकून गच्चीवर पळावे.

तिसरी गोष्ट, हात. मोबाईल दोन्ही हातांनी धरावा, कोपरे अंगाशी घ्यावीत आणि क्षणभर श्वास रोखावा. बोटांनी ओढून चित्र मोठे करू नये, ते फाटल्यासारखे दिसते. त्यापेक्षा आपणच चार पावले पुढे जावे. डोंगर आणि आभाळ जेथे मिळतात ती रेघ फोटोच्या बरोबर मध्ये घेऊ नये. आभाळ सुरेख असेल तर आभाळ जास्त घ्यावे, जमीन सुरेख असेल तर जमीन. आणि जवळचे काहीतरी एका कडेला असू द्यावे, झाडाची फांदी किंवा वाळत घातलेले धोतर. त्यावाचून डोंगर किती लांब आणि किती मोठा ते कळत नाही. मुगाची डाळ झाली ती यामुळेच.

चौथी गोष्ट मी ठेच लागून शिकले. पाच महिन्यांचे फोटो जमले होते. मोबाईल बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला. परत आला तो कोरा. मी त्या दिवशी जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, "एवढे काय झाले? डोंगर काय पळून गेला? पुन्हा काढ." तेव्हापासून मी दर महिन्याला मुलाकडून सगळे फोटो दोन ठिकाणी साठवून घेते आणि निवडक चार-पाच कागदावर छापून घेते. पदार्थ कितीही चांगला असला तरी एकाच बरणीत सगळे लोणचे कोणी भरीत नाही.

घरात सगळे गोड होते असे नाही. संध्याकाळच्या वेळी मी गच्चीवर, म्हणून चहाला उशीर होई. हे म्हणत, "डोंगर काय आज नवा आला आहे?" भांडणही झाले. मग सासूबाईंनीच पलंगावरून निकाल दिला, की संध्याकाळचा चहा मुलाने करायचा. तो अजून करतो आणि बरा करतो.

गच्चीवरून मग पाय बाहेर पडले. आपल्याजवळ किती पाहण्यासारखे आहे ते मला पंचवीस वर्षे येथे राहून ठाऊक नव्हते. अंबरनाथचे शिवमंदिर लोकलने पाऊण तासाच्या आत. त्या मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजांच्या काळातले हे काम. वालधुनीच्या काठी काळ्या दगडावरचे कोरीव काम ढगाळ दिवशी फार सुरेख येते, कारण सावल्या मऊ पडतात.

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. २०१५ साली तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती जागा रामसरच्या जागतिक यादीत गेली. आम्ही चौघीजणी ऐरोलीहून होडीने गेलो होतो. माझ्या मोबाईलमध्ये पक्ष्यांचे नुसते गुलाबी ठिपके आले! त्यातून इतके कळले, की लांबचा पक्षी हे साध्या मोबाईलचे काम नव्हे. त्याने भरतीचे पाणी, खारफुटी आणि पलीकडची डोंगररांग अशी सगळी खाडी घ्यावी.

गेल्या मार्गशीर्षात मी नाणेघाट चढले. कल्याणहून मुरबाडमार्गे एसटीने वैशाखरे आणि तेथून पायी. गुडघ्यांनी तक्रार केली, पण वर पोचले. जुन्या काळी कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे माल याच घाटाने जाई. वरच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेख आहे. राणी नागनिकेचा लेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. घाटाच्या तोंडाशी उभे राहून खाली कोकण पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ फोटो काढायचेच विसरले. तेही बरोबरच झाले असे मला वाटते.

एक मात्र हात जोडून सांगते. धबधब्याच्या ओल्या कड्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर फोटोसाठी कोणी जाऊ नये, मुलांनाही जाऊ देऊ नये. घरी परत येणे हे कोणत्याही फोटोपेक्षा मोठे आहे.

काही जणी म्हणतात, हे सगळे शिकल्यासवरल्या आणि तरुण मुलींचे काम. म्हणून थोडी माहिती मुलाच्या मदतीने गोळा केली आहे. आपल्या कल्याणला पहिली आगगाडी १ मे १८५४ रोजी आली. त्याच वर्षी मुंबईत फोटो काढणाऱ्यांची एक संस्था निघाली. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचे नाव आहे त्या भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे त्या संस्थेत होते. म्हणजे आपल्याकडे आगगाडी आणि कॅमेरा बरोबरीनेच वाढले.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाची बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मली. तिला १८६३ साली मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. तिने कोळशाच्या खोलीत फोटो धुतले आणि कोंबड्यांच्या खुराड्याची काचेची खोली केली. पुढे तिने काढलेली माणसांची चित्रे जगभर गाजली. जपानच्या किमिको निशिमोतो या आजीबाई तर ७२ व्या वर्षी स्वतःच्या मुलाच्या वर्गात बसून फोटो काढायला शिकल्या. आणि आपल्या होमाई व्यारावाला, वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला. सुरुवातीस त्यांचे फोटो यजमानांच्या नावावर छापून येत. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. या थोर बायकांच्या पंगतीला मी बसत नाही. एवढेच म्हणते, की वय आडवे येते ते मनात.

आता शेवटचे सांगते आणि तुमची रजा घेते.

आमच्या समोरच्या मोकळ्या जागेत एक टॉवर उभा राहू लागला. पहिल्या वर्षी फोटोत नुसत्या लोखंडी सळ्या दिसत. पुढच्या वर्षी डोंगराचा पायथा गेला, मग उतार गेला. रोज पाहणाऱ्याला ते कळत नव्हते, पण महिन्यामहिन्याचे फोटो ओळीने लावले तेव्हा कळले. सासूबाईंना मी हळूहळू जुनेच फोटो दाखवू लागले. त्यांनी ते ओळखले. एके दिवशी म्हणाल्या, "हा मागल्या वर्षीचा ढग आहे. आजचा दाखव." मी आजचा दाखविला. नुसता माथा शिल्लक होता. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "तेथेही कोणाचे तरी बिऱ्हाड येईल. दिवे लागतील." त्या माघात त्या गेल्या. दिवाळीला माथाही झाकला गेला. आज आमच्या गच्चीवरून मलंगगड दिसत नाही.

टॉवरवाल्यांवर माझा राग नाही. आमची इमारत उभी राहिली तेव्हा कोणाच्या तरी खिडकीतून खाडी गेलीच असेल. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तेराव्याला फोटो लावायचा म्हणून शोधले, तर माझ्याकडे डोंगराचे सहाशेच्या वर फोटो आणि सासूबाईंचा त्या तीन वर्षांतला एकही नाही. "या अवतारात नको गं," म्हणत त्या तोंड फिरवीत आणि मी आग्रह केला नाही. शेवटी मुलाच्या लग्नातला जुना फोटो लावला. ज्यांच्यासाठी डोंगर टिपला त्यांनाच टिपायचे राहून गेले. तुम्ही ही चूक करू नका. डोंगराचा फोटो काढा, आणि तो पाहणाऱ्या माणसाचाही काढा.

मंडळाला माझी एक विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या खिडकीतून किंवा गच्चीवरून जे दिसते त्याचा दर महिन्याला एक फोटो, एकाच जागेवरून, काढावा आणि मागे तारीख लिहावी. पुढच्या वर्धापनदिनाला आपण ते सगळे दोरीवर चिमट्यांनी टांगू. कोणाकडे तळे असेल, कोणाकडे खाडी, कोणाकडे समोरच्यांचा पत्रा आणि त्यावरची मांजर. पत्रा असला तरी लाजू नका. वीस वर्षांनी तोही नसेल.

चिमटे मी आणीन. सतरंज्याही घालीन.